दोन तास गरम तेलात

ओजस, सई,

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत की हिरव्या गाडीच्या डिकीत जी खाकी पिशवी आहे ती कोणाची. तुमच्या बाबांनी ती उघडली, आत पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर पाहिले आणि भंगारात देऊ का म्हणाले. मी नको म्हटलं. कारण मात्र सांगितलं नाही, कारण फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं. आता लातूरला मला वेळच वेळ आहे. समोरच्या क्लासची मुलं सकाळी सातला वर्गात जातात, मग दुपारपर्यंत रस्ता शांत असतो. तेवढ्या वेळात लिहिते आहे.

ती पिशवी नागनाथ मिस्त्रींची आहे.

आम्ही नांदेडला होतो तेव्हा मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागच्या रस्त्याला त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याची एक खोली आणि समोर कडुलिंबाचं झाड. ते फक्त दोनच वस्तू दुरुस्त करायचे, डायनुमा आणि सेल्फ. डायनुमा म्हणजे चालत्या गाडीत बॅटरी भरणारा डायनॅमो. गाडीची किल्ली फिरवली किंवा बटण दाबलं की जी मोटर इंजिनाला पहिला धक्का देते, तिला आपल्याकडे सेल्फ म्हणतात. इंजिन, ब्रेक, गिअर यांना ते हात लावायचे नाहीत. कोणी आग्रह केलाच तर म्हणायचे, "ते माझं काम न्हाई. मी फक्त गाडीला उठवतो. पुढं तिनं कुठं जायचं ते तिचं तिनं बघावं."

उंच, वाकलेले, खूप काळे. डोक्याला नेहमी पांढरा रुमाल बांधलेला. खुर्ची दिली तरी बसायचे नाहीत, पायरीवर बसायचे. चहा घेण्याआधी लाकडाचा भुसा आणि कपड्यांची पावडर घेऊन कोपरापर्यंत हात धुवायचे, नखं काडीने कोरायचे, मग पुन्हा धुवायचे. यात दहा मिनिटं जायची आणि चहा गार व्हायचा. मी गरम करून देते म्हटलं तर म्हणायचे, "राहू द्या बाई, गारच चांगला लागतो." मी शाळेत इंग्रजी शिकवत होते म्हणून त्यांच्यासाठी मी बाई. तुमचे आजोबा वकीलसाहेब.

मोटर तपासायची त्यांची एक पद्धत होती. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मोटरवर टेकवायचं, लाकडी मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. आजोबांनी गाडीत बसून बटण दाबायचं. एकदा, दोनदा. मग नागनाथ डोळे उघडून सांगायचे की कार्बन घासलाय, किंवा कॉइल जळत आलीय, किंवा "काही झालं न्हाई, बॅटरीचं पाणी बघा, खामखा मला बोलावून राहिले."

एकदा मोठ्या पुढाऱ्याची गाडी त्यांच्या दुकानापुढे उभी होती. मी आजोबांबरोबर तिथेच होते. पुढाऱ्याचा माणूस सारखा घड्याळ बघत होता.

"ओ मिस्त्री, साहेबाला मुंबईला जायचंय. हात चालवा की."

"जाऊ द्या की. एसटी हाय."

"एसटीनं जातील का साहेब?"

"का? एसटीत साहेबाला चढू देत न्हाईत का?"

तो माणूस लाल झाला. नागनाथ मान वर न करता म्हणाले, "घाई कोणाला हाय, तुम्हाला का मोटरला? मोटरला घाई न्हाई. तिला विचारून सांगतो."

गाडी तिसऱ्या दिवशी दिली.

नागनाथांना वाचता येत नव्हतं. पण ऐकलेलं विसरायचे नाहीत. आपल्या हिरव्या गाडीबरोबर एक इंग्रजी पुस्तक आलं होतं, तेलकट पानांचं, आकृत्यांचं. तुमच्या पणजोबांनी गाडी घेतली तेव्हापासून ते कपाटात होतं. नागनाथांना त्याचा पत्ता लागला आणि त्यांनी मला कामाला लावलं. दरवेळी आले की हात धुऊन पायरीवर बसायचे आणि म्हणायचे, "बाई, पुढचं वाचा." मी एक परिच्छेद वाचायचे आणि मराठीत सांगायचे. ते डोळे मिटून ऐकायचे, मग शब्द न शब्द परत म्हणून दाखवायचे. चाळीस मुलांच्या वर्गात असा एक विद्यार्थी मला कधी मिळाला नाही. मला त्याचा अभिमान वाटायचा. त्यांचा नाही, माझा. मी एका मिस्त्रीला पुस्तक शिकवते आहे, याचा. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढचं त्यातूनच झालं.

एका दुपारी बुशचं पान आलं. मोटरच्या आतला दांडा ज्या दोन पितळी कड्यांमध्ये फिरतो ती कडी म्हणजे बुश. ती झिजली की दांडा हलतो, दांड्यावरचा तारांचा गोळा कडेला घासतो, आणि सेल्फ नुसता खरखरतो, इंजिन फिरवत नाही. मग जुने बुश काढून नवे बसवायचे. हे त्यांना माहीत होतंच. पुस्तकात पुढे लिहिलं होतं की नव्या बुशच्या धातूला बारीक छिद्रं असतात, म्हणून बसवण्याआधी तो एक अख्खा दिवस, चोवीस तास, स्वच्छ तेलात बुडवून ठेवावा. धातू तेल शोषून घेतो आणि पुढे वर्षानुवर्षं तेच तेल दांड्याला पुरवतो.

नागनाथांनी डोळे उघडले. "म्हणजे त्याला तहान असते."

"तसंच समजा."

"आम्ही आपले दोन थेंब सोडतो अन् ठोकतो. तरीच कधी वर्षात, कधी आठवड्यात परत येते मोटर." खूप वेळ ते बोटावरचा एक बुश फिरवून बघत राहिले. "लई मोठी गोष्ट सांगितली बाई तुम्ही."

त्या वाक्याखाली आणखी एक वाक्य होतं. ते मी वाचलं, पण त्यांना सांगितलं नाही. त्यात लिहिलं होतं की फारच निकड असेल तर तेल उकळत्या पाण्याइतकं गरम करून त्यात दोन तास बुश ठेवला आणि तेलातच निवू दिला तरी चालतं. मी पेन्सिलीने त्या वाक्याभोवती कंस केला. वर्गात मी तसंच करायचे. मुलांना आधी नियम द्यायचा, सवलत द्यायची नाही. सवलत सांगितली की नियम कोणी पाळत नाही, असा माझा अनुभव होता. आणि नागनाथ शिकलेले नव्हते. त्यांना एकच गोष्ट सांगावी, सोपी, पक्की, असं मला वाटलं.

त्या दिवसापासून त्यांनी तो नियम धरला. दुकानात एक स्टीलची वाटी आली, तिच्यात तेल, तेलात बुश. गिऱ्हाईक ओरडलं तरी, "त्याला पिऊ द्या. उद्या या."

त्यांना मंगल नावाची एकच मुलगी होती. मुदखेडच्या पलीकडे एका गावात दिली होती. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी ती बाळंतपणात गेली, बाळही गेलं. आम्ही दोघं भेटायला गेलो तेव्हा ते झाडाखाली बसले होते आणि उठलेही नाहीत. पंधरा दिवसांनी मात्र आमच्याकडे आले. हात धुतले, पायरीवर बसले.

"बाई, एक विचारायचं होतं. त्या पुस्तकात असं कुठं हाय का, की एक दिवस थांबाया जमलंच न्हाई तर काय करावं?"

मी वह्या तपासत होते. मला वाटलं, माणूस दुःखातून कामाकडे वळतो आहे, बरंच झालं. मी पुस्तक उघडलंसुद्धा नाही.

"नाही," मी म्हटलं. "एक दिवस म्हणजे एक दिवस."

"हाव," ते म्हणाले. "मग बरोबर हाय." चहा न घेता उठले.

यानंतर वीसेक वर्षं गेली. तुम्हाला आठवतात ते आजोबा याच काळातले. रोज सकाळी सातला ते हिरवी बाहेर काढायचे, कोर्टात जायचं नसलं तरी. तो आवाज झाला की मी कणीक भिजवायला घ्यायचे. मग त्यांच्या फुप्फुसांचं दुखणं सुरू झालं आणि गाडी वर्षभर पत्र्याखाली उभी राहिली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, दोन-तीन दिवस. तुमचे बाबा विमानात होते.

सकाळी आजोबांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "हिरवी लाव एकदा." बॅटरी शेजारच्यांनी अधूनमधून भरून ठेवली होती, त्यांनाच मी बटण दाबायला लावलं. खर्र, खर्र, आणि बंद. ते भिंतीकडे तोंड करून पडले.

मी नागनाथांना निरोप पाठवला. ते अकराच्या सुमारास आले. आता पंचाहत्तरीचे होते, पण पिशवी तीच. आधी आत जाऊन आजोबांच्या पायांपाशी उभे राहिले. मग अंगणात पोतं अंथरलं, मोटर खाली उतरवली आणि उघडली. आतला गोळा एका अंगाने घासून चकाकत होता.

"बुश गेले."

आजोबांनी कधीकाळी मागवून ठेवलेले नवे बुश एका डबीत होते. मी ते दिले. नागनाथांनी वाटी मागितली, तेल ओतलं, दोन्ही बुश त्यात सोडले आणि वाटीवर बशी झाकली.

"उद्या ह्याच टायमाला येतो. अकराला."

"उद्या नाही नागनाथ. आज."

"बाई, त्याला एक दिवस लागतो. तुम्हीच सांगितलं."

"गाडी कुठे जायची नाही. अंगणात उभ्या उभ्या एकदाच सुरू करायची आहे. कोरडा बसवा. पुढे काय व्हायचं ते होऊ दे."

"न्हाई."

"तुम्ही त्यांना बघितलंत ना आत्ता?"

"बघितलं."

"मग?"

ते पोत्यावर बसले. काम अर्धवट टाकून बसलेलं त्यांना मी पहिल्यांदाच पाहत होते. मग त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांच्याच शब्दांत लिहिते, मला आठवतं तसं.

"मंगलच्या गावात एकच जीप होती. ती माझ्याकडं आली, सेल्फ घासून राहिला म्हणून. मी म्हटलं, उद्या. डायवर म्हणाला, मामा, संध्याकाळी वऱ्हाड न्यायचंय, लेकीच्या गावची गाडी हाय, एवढं करा. लेकीच्या गावची म्हटल्यावर माझं काही चाललं न्हाई. दोन थेंब सोडले, कोरडा ठोकला. तिसऱ्या दिवशी मंगलला कळा सुरू झाल्या. दवाखान्यात न्यायला तीच जीप. दुपारची वेळ, रेल्वेचं गेट लागलं होतं. गेट लागलं की समदे डायवर गाडी बंद करतात, डिझेल वाचतं. त्यानं बंद केली. मालगाडी गेली, गेट उघडलं, अन् सेल्फ न्हाई. बुशनं दांडा धरला होता. गेटाला चढ. डायवर, सासू अन् एक बैलगाडीवाला म्हातारा. ढकलून ढकलून किती ढकलतील? ट्रॅक्टर यायला दीड तास गेला." ते थांबले. "जीप परत माझ्याकडंच आली. मीच उघडली ती मोटर. कोणाला बोललो न्हाई. डायवर अजून म्हणतो, बॅटरी बसली होती."

मी वाटीवरची बशी उगाच सरळ केली.

"म्हणून म्हणतो बाई, कोरडा बसवणार न्हाई. वकीलसाहेबासाठी बी न्हाई. उद्या अकरा."

मी आत आले. आजोबांचा श्वास मोजला. तुमची आजी नीटनेटकी बाई आहे, तुम्ही हसता त्यावर. त्या दिवशीही मी कागदावर वेळ लिहून श्वास मोजत होते. अकरापर्यंतचे तास मोजले. मग कपाटातून पुस्तक काढलं. त्यांना पटवायला काहीतरी सापडेल, एवढाच विचार होता. बुशचं पान उघडलं आणि माझा पेन्सिलीचा कंस दिसला.

मी किती वेळ तिथे उभी होते ते लिहून ठेवलेलं नाही. पुस्तक परत कपाटात ठेवता आलं असतं. नागनाथ दुसऱ्या दिवशी अकराला आले असते आणि जन्मभर समजत राहिले असते की त्यांच्यापुढे दुसरी वाट नव्हती. आत तुमच्या आजोबांनी खोकून माझं नाव घेतलं.

मी अंगणात गेले आणि ते वाक्य वाचलं. आधी इंग्रजीत, मग मराठीत.

नागनाथांनी डोळे मिटले होते. ते म्हणाले, "परत वाचा."

परत वाचलं.

"दोन तास."

"हो."

"हे तवा होतं का ह्याच्यात?"

"होतं."

"ह्याच पानावर?"

"त्याच्याच खाली."

"तुम्ही वाचलं होतं?"

"वाचलं होतं. तुम्हाला सांगितलं नाही."

"का?"

मी कारण सांगितलं. नियम, सवलत, वर्गातली मुलं. माझ्याच कानांना ते ऐकवेना. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त वाटीवरची बशी बाजूला केली आणि विचारलं, "गॅस कुठं हाय?"

माझ्या स्वयंपाकघरात, पातेल्यात पाणी उकळत ठेवून, त्यात ती वाटी उभी करून, नागनाथ मिस्त्री दोन तास ओट्यापाशी उभे राहिले. पाणी कमी झालं की घालत होते. मी स्टूल दिलं, ते बसले नाहीत. तेलातून बारीक बुडबुडे येत होते. बुशमधली हवा बाहेर पडत होती आणि तेल आत जात होतं. एकदाच बोलले, माझ्याकडे न बघता. "त्या दिवशी दुकानात स्टो होता बाई. चहाचा."

तेल निवल्यावर त्यांनी बुश बाहेर काढले. पोत्यावर बसून एका गुळगुळीत लोखंडी दांडीवर चढवले आणि लाकडाच्या ठोकळ्याने हलके हलके बसवले. मोटर जोडली, गाडीखाली झोपून वर चढवली. शेजारच्यांनी बटण दाबलं. पहिल्या फेरीतच हिरवी सुरू झाली. स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावला नाही त्यांनी.

मी खोलीत धावले. आजोबा छताकडे बघत होते, पण ऐकत होते. चादरीवर त्यांची बोटं हलत होती. म्हणाले, "नागनाथ आला वाटतं. त्याला चहा दे."

मी बाहेर आले तर अंगणात नागनाथ नव्हते. पोतं तसंच, पिशवी तशीच, गाडी सुरू. नळापाशी भुसा आणि पावडर मी काढून ठेवली होती, ती जशीच्या तशी कोरडी होती.

आजोबा दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला गेले.

नागनाथ आले नाहीत. तेराव्यालाही नाहीत. दुकान बंद होतं. शेजारच्या पंक्चरवाल्याने सांगितलं, मुदखेडकडे गेले, लेकीच्या सासरच्या गावी, तिथे आता त्यांचं कोणी नाही तरी.

मागच्या हिवाळ्यात हिमायतनगरला माझ्या भाचीचं लग्न होतं. नांदेडहून भाड्याची गाडी केली आणि ती खाकी पिशवी बरोबर घेतली. वाटेत त्यांचं गाव शोधायचं, पिशवी द्यायची. काय बोलायचं तेही ठरवून, कागदावर लिहून घेतलं होतं.

मुदखेड सोडल्यावर रेल्वेचं गेट लागलं होतं. ड्रायव्हरने बंद करायला बटणाकडे हात नेला, तेवढ्यात कोणीतरी बॉनेटवर थाप मारली.

"बंद करू नका! चालू ठेवा!"

रुमाल तोच, पण मळलेला. दाढी वाढलेली. हात कोपरापर्यंत काळे.

"कोण हो बाबा तुम्ही?" ड्रायव्हर हसला. "डिझेल तुम्ही भरता का?"

"चालू ठेव म्हणतो ना."

"अहो, नवी गाडी हाय. नुसतं बटण दाबलं की चालू."

"बटणाच्या मागं सेल्फच असतो की!"

मागच्या रिक्षावाल्याने ओरडून सांगितलं, "राहू द्या चालू, न्हाईतर सोडणार न्हाई म्हातारा. रोजचं हाय त्याचं."

नागनाथ खिडकीशी वाकले आणि त्यांना मी दिसले. ओळखलं. मांडीवरची पिशवीही त्यांनी पाहिली. मी काच खाली केली आणि लिहिलेला कागद उघडला.

"बाई," ते म्हणाले, अगदी पूर्वीसारखं, "ह्याला सांगा जरा. तुमचं ऐकंल तो."

मी ड्रायव्हरला सांगितलं, गाडी चालू राहू दे. त्यांनी मान हलवली आणि मागच्या रिक्षाकडे गेले, तिथून टेंपोकडे, तिथून आणखी मागे. मालगाडी लांबलचक होती. ती जाईपर्यंत त्यांची थाप आणि आवाज ऐकू येत होता. मग गेट उघडलं, मागून हॉर्न सुरू झाले, आणि आम्ही चढ चढून रूळ ओलांडले, पिशवी माझ्या मांडीवरच.

मी गाडी हळू घ्यायला लावली आणि मागच्या काचेतून पाहिलं. रांगेतल्या सगळ्या गाड्या एकामागून एक त्यांच्यासमोरून निघून गेल्या. शेवटची गेली तरी ते रस्त्याच्या कडेला तसेच उभे होते, डोळे मिटून, एक कान रुळांकडे करून.